फोनला उजेडाची सवय

४ मार्च, सोमवार

निवेदिकेच्या दाताची कॅप परत आली. डबीत लेकीच्या अक्षरातली चिठ्ठी होती : "बाबा, पांढरी वाटते. शेजारचा दात जास्त पिवळा आहे. परत कराल का?"

महिन्याभरातली ही तिसरी. आधी टपाल कचेरीतला कारकून, मग गाडी चालवायला शिकवणारी बाई आणि आता ही. एकतीस वर्षं मी लोकांचे दात करतो आहे. या काळात रंगासाठी परत आलेले दात एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातला एक तर मालकानेच रात्रभर चहाच्या कपात ठेवला होता. तेव्हा चूक माझ्या हाताची नाही. डोळ्याची तर नाहीच नाही. चूक फोनची आहे, आणि ती शोधून काढण्यासाठी आजपासून ही वही.

पूर्वी असं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला की मी स्वतः दोन जिने चढून दवाखान्यात जायचो. पेशंट बाहेर खिडकीजवळच्या बाकावर बसलेला असायचा. मी शेड गाइड काढायचो. शेड गाइड म्हणजे नमुन्याच्या दातांची पट्टी. ए-वन सगळ्यात पांढरा, पुढे ए-टू, ए-थ्री असा पिवळेपणा वाढत जातो. नमुना ओठाशी धरायचा, "हसा" म्हणायचं, पाच सेकंदांत आकडा लिहायचा. मग पेशंट आत जायचा आणि मी घरी यायचो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आपली खुर्ची माझ्या लेकीच्या हाती दिली. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली की बाबा, तुमचे गुडघे दुखतात, कशाला चकरा मारता, मी नमुना दाताशेजारी धरून फोटो पाठवत जाईन. मला तिचं फार कौतुक वाटलं होतं. माशी शिंकली ती तिथेच. माणसाच्या दातावरून काम करणारा मी फोनच्या स्क्रीनवरून करायला लागलो. आधी बहुतेक दाढाच आल्या, त्यांचा रंग कोणी आरशात बघत नाही; पुढचे दात गेल्या महिन्यापासून आले.

निवेदिका म्हणजे मोठमोठ्या समारंभांत माइकवर बोलणारी बाई. दात पुढचा, अगदी मधला, एकुलता एक. यापेक्षा अवघड काम आमच्या धंद्यात नाही. सव्वीस तारखेला तिचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे.

५ मार्च, मंगळवार

पहिला गुन्हेगार सापडला. फोनचा उजेड आपोआप कमीजास्त होतो हे मला माहीतच नव्हतं. स्क्रीनच्या वर, कपाळावर, एक बारीक डोळा असतो. तो खोलीतला उजेड बघतो आणि त्याप्रमाणे स्क्रीन मंद किंवा तेज करतो. माझ्या फोनच्या या डोळ्यावर प्लॅस्टरच्या भुकटीचा थर बसला होता. म्हणजे फोन बिचारा भर दुपारी अंधार पडला असं समजून चालला होता. ओल्या कापसाने पुसला. स्क्रीन लख्ख झाली. मग ती आपोआपची भानगडच बंद केली आणि उजेडाची पट्टी पाऊण भागावर कायमची ठेवली.

निवेदिकेचा फोटो पुन्हा उघडला. शेजारचा दात ए-वन, नमुन्याला अगदी चिकटून. काल मंद स्क्रीनवरही ए-वनच दिसत होता, पण तो योगायोग असावा.

७ मार्च, गुरुवार

दुसरा गुन्हेगार घरातलाच निघाला. संध्याकाळी सहा वाजले की माझी स्क्रीन जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी पडते. मला वाटायचं, दिवसभर काम करून फोन दमतो. प्रत्यक्षात हिने त्यात नाइट लाइट नावाचं काहीतरी लावून ठेवलं होतं. माझ्या फोनच्या निळ्या उजेडाने म्हणे तिची झोप उडते. तीन महिने मी पिवळ्या स्क्रीनवर दात बघत होतो आणि बायको शेजारी शांत झोपत होती.

बंद केलं. पण मग एक अडचण आली. पिवळ्या स्क्रीनवर मला दात पिवळा दिसायला हवा होता आणि माझी कॅप पिवळी व्हायला हवी होती. झालं उलट. याचा विचार करता करता जेवण गार झालं. शेवटी उलगडा झाला. माझा डोळा इतका तयार आहे की त्याने स्क्रीनचा पिवळेपणा आपणहून वजा केला, आणि उत्साहाच्या भरात थोडा जास्तच केला. मुरलेल्या डोळ्याचे असे तोटे असतात.

हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुमचा डोळा एवढा हुशार आहे तर त्याला जेवण गार झालेलं कसं दिसलं नाही?"

९ मार्च, शनिवार

लेक जेवायला आली होती. थकलेली दिसली. मी विषय काढला तशी म्हणाली की कॅप बसवली तेव्हा अगदी जुळत होती, बाबा, मी स्वतः पाहिली. पेशंट घरी गेली, संध्याकाळी आरशात बघितलं तर कॅप पांढरी आणि शेजारचा दात पिवळट. तिन्ही पेशंटचं हेच. मी लगेच ओळखलं. तिच्या दवाखान्यातले दिवे. तिथे सगळंच जुळल्यासारखं दिसत असणार. तिला फोटोआधी वरचा दिवा बाजूला करायला सांगितलं. तिने मुकाट्याने लिहून घेतलं.

ही मध्येच म्हणाली की तुझे हात हलके आहेत गं, पण तोंड फार वेळ उघडं ठेवायला लावतेस; परवा दाढ भरायला आले तर घरी येईपर्यंत जीभ नुसती लाकडासारखी झाली होती. आम्ही इथे दिव्यांबद्दल बोलतोय आणि हिचं आपलं जिभेचं. मी कानाडोळा केला.

जेवणानंतर लेकीला माझं टेबल दाखवलं. ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो त्या गुरुजींची सगळी शिस्त मी आजही पाळतो. टेबलावर पाण्याची वाटी कायम भरलेली. नमुना पाण्यात बुडवल्याशिवाय मी बघत नाही, कॅपही नाही. दात वाळला की खडूसारखा पांढरा पडतो आणि पुन्हा मूळ रंगावर यायला तासभर घेतो, हे गुरुजींनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. लेक म्हणाली, "हो, आम्हालाही कॉलेजात होतं असं काहीतरी." आणि तिचा फोन वाजला, कोणाची तरी दाढ ठणकत होती, ती तशीच पळाली.

तिने जाता जाता एक काम चांगलं केलं. माझ्या फोनमध्ये रंगांचे दोन प्रकार असतात म्हणाली, भडक आणि नैसर्गिक. माझा भडकवर होता. आता नैसर्गिकवर आहे. टोमॅटोही आता मवाळ दिसतात.

१२ मार्च, मंगळवार

परवा, रविवार असूनही, निवेदिकेला पुन्हा बोलावून लेकीने नवीन माप घेतलं, हिरड्या साफ केल्या आणि सगळं झाल्यावर शेवटी फोटो काढून पाठवला. दिवा बाजूला करून. फोटोत दात ए-वन. नैसर्गिक रंगात, पूर्ण उजेडात, ए-वन. मी तरीही सावधगिरी म्हणून एक पायरी खाली उतरलो, ए-वनपेक्षा किंचित गडद थर दिला.

कारण फोन तपासता तपासता काल माझ्या हातून एक प्रकार झाला. "रंग सुधारणा" असं लिहिलेलं दिसलं. ज्याला सुधारायचंच आहे तो हे दाबणारच. दाबलं, आणि सगळा फोन काळापांढरा झाला. रंग परत येईना. दिवसभर मी जग जुन्या सिनेमासारखं बघितलं. संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला, तीही काळीपांढरी. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. मी मनात म्हटलं, ही स्क्रीन माणसाची काय दशा करते.

आज कुठे ते बटण सापडलं. रंग आले. मुद्दाम लेकीला परत फोन लावला. ती तशीच दिसली.

१५ मार्च, शुक्रवार

काल कॅप बसवली. लेकीने लगेच कळवलं : खुर्चीत बघितलं तर चक्क माझी कॅप किंचित पिवळी वाटत होती, पण चालेल म्हणाली. मी हिच्यासमोर थोडा मिरवलो. आज सकाळी निवेदिका दवाखान्यात हजर. कॅप पांढरी.

एकच कॅप काल पिवळी आणि आज पांढरी. मी कपाळाला हात लावला. कॅपचं पोर्सलेन, म्हणजे चिनीमाती, दोनदा भट्टीतून निघालेलं असतं, ते आता कशालाच रंग बदलत नाही.

दुपारी मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. ते मला भट्टीवाले म्हणतात. पूर्वी त्यात लाड असायचा. आज म्हणाले की भट्टीवाले, मोठ्या लॅबचा माणूस येऊन गेला, त्यांच्याकडे दाताचा रंग मोजायचं यंत्र आहे. निवेदिकेची कॅप चौथ्यांदा करायला लागली तर एक तारखेपासून दवाखान्याचं सगळं काम तिकडे जाईल. तुमच्या लेकीची अडचण नको म्हणून मीच सांगतोय.

दवाखान्याचं काम म्हणजे माझं सगळंच काम. ते गेलं की भट्टी बंद. एकतीस वर्षांनंतर मी सकाळी उठून करायचं काय? वर्तमानपत्र वाचायचं? मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू. टेबलाशी बसून वाटीतलं पाणी दोनदा बदललं.

१६ मार्च, शनिवार

कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे गेलो. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, आता फोन करतो. डोळ्याला भिंग तेच. त्याने आधी स्क्रीनवरची काच काढली. तिचा गोंद कडेने पिवळा पडला होता. मला फार आनंद झाला. मग त्याने बॅटरी वाचवायची सोय बंद केली, ती म्हणे स्क्रीन मंद करते. मग स्क्रीनवर नुसता पांढरा रंग आणला, शेजारी कोरा कागद धरला आणि म्हणाला की घ्या, यापेक्षा पांढरं मला जमत नाही.

मी त्याला निवेदिकेचा फोटो दाखवला. सगळी हकीकत सांगितली. त्याने भिंग वर केलं.

"या फोटोत दात आहे आणि शेजारी तुमचा नमुना आहे. बरोबर?"

"बरोबर."

"दोन्ही एकाच स्क्रीनवर. स्क्रीन पिवळी असेल तर दोन्ही पिवळे होतील. मंद असेल तर दोन्ही मंद. मग जुळतात की नाही यात फोनचा काय संबंध? फोन ठीक आहे. त्या बाईचा दातच तेव्हा पांढरा असणार."

घड्याळातला माणूस, त्याला दातातलं काय कळणार. दात काय सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो? मी आभार मानून निघालो. जुनी काच मात्र पुरावा म्हणून घेऊन आलो.

१९ मार्च, मंगळवार

आज शास्त्रीय पद्धतीने गेलो. तोच फोटो हिच्या फोनवर मागवला. ए-वन. मग शेजारच्या वहिनींच्या फोनवर. त्यांनी कौतुकाने विचारलं की कोणाचा दात, मी म्हटलं कामाचा आहे. तिथेही ए-वन. म्हणजे तिन्ही फोन बिघडलेले. कंपन्या काय लायकीचा माल विकतात याला काही सुमार नाही.

संध्याकाळी लेक आली. बराच वेळ स्वयंपाकघरात आईशी कुजबुज. मग बाहेर येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, रागावू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चार तारखेची वेळ घेतली आहे. नुसतं तपासून घेऊ."

मी रागावलो नाही. खिडकीतून बाहेर बघितलं. मला समोरच्या घराच्या गच्चीवरचा चिमटा दिसतो, त्याचा रंगही दिसतो. पण लेकीला वाटतं की बापाचा डोळा गेला. तिने तसं दवाखान्यात कोणाला सांगितलं का, असं विचारलं. म्हणाली, नाही, मी सगळ्यांना सांगते की बाबांचा फोन बिघडला आहे. आणि तिचे डोळे भरून आले.

ती गेल्यावर ही म्हणाली, "उद्या तुम्ही स्वतःच जा की दवाखान्यात. पूर्वी जायचात तसे."

मी म्हटलं की जाणारच आहे, माझं आधीच ठरलं होतं. ठरलं नव्हतं. पण कल्पना चांगली होती. फोन आणि दात एकाच खोलीत शेजारी शेजारी धरायचे, म्हणजे फोनला पळवाट राहणार नाही. निवेदिकेला गुरुवारी बोलावलं आहे. मोठे डॉक्टरही गुरुवारी येतात. त्यांच्यादेखतच होऊ दे.

२१ मार्च, गुरुवार

सगळं नीट लिहितो.

पावणेदहाला दोन्ही जिने चढलो. निवेदिका खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. मी ओळख करून दिली. तिला वाटलं होतं दात यंत्रातून निघतात. ते करणारा माणूस असतो आणि तो असा धापा टाकत येतो याची तिला गंमत वाटली. ती मोकळेपणाने हसली. पाच सेकंद पुरे होतात. सवयीने माझ्या मनात आकडा उमटला : ए-थ्री.

मी स्वतःशीच हसलो. फोनवर पंधरा दिवस ए-वन दिसतोय आणि इथे धडधडीत ए-थ्री. फोन रंगेहाथ सापडला. खिशात हात घालून त्याला थोपटलंसुद्धा.

दहाला ती आत गेली. मी बाकावर. आतून हवेच्या फवाऱ्याचा आवाज, पाणी ओढणाऱ्या नळीचा आवाज, पुन्हा हवा. पावणेअकरा वाजले. लेकीने दार उघडून सांगितलं, "या बाबा. आता फोटो काढते."

निवेदिका खुर्चीत आडवी होती. ओठ बाजूला धरून ठेवणारी प्लास्टिकची चौकट तोंडात, गालात कापूस. लेकीने नमुना धरला आणि फोन वर केला. मी वाकून आधी दाताकडे बघितलं, फोनकडे नाही.

ए-वन. तोच दात. तासाभरापूर्वी माझ्याकडे बघून हसलेला. खडूसारखा पांढरा, कोरडा ठाक.

फोन पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. हिचा फोनही, वहिनींचाही. त्या खिडकीजवळच्या बाकावर मी तीस वर्षं ओले दात बघितले, ते पेशंट तिथे आधी बसायचा म्हणून. मी तिथून उठलो आणि फोटो सगळ्यात शेवटी निघायला लागला. कोणी हे ठरवलं नव्हतं. लेकीने माझे गुडघे वाचवले होते, बाकी काही नाही.

दारात मोठे डॉक्टर येऊन उभे राहिले. "काय भट्टीवाले, सापडला का बिघाड?"

एक वाक्य पुरलं असतं. "दात वाळल्यावर रंग बघतात का?" एवढंच. माझा डोळा सुटला असता, भट्टी वाचली असती. जिभेवर आलं होतं. मी लेकीकडे बघितलं. हातात नमुना तसाच धरलेला, आणि चेहरा त्या काळ्यापांढऱ्या स्क्रीनवर होता तसा. ती घाबरली होती, पण स्वतःसाठी नव्हे. आता सगळ्यांसमोर बापाचा डोळा गेल्याचं ठरणार म्हणून घाबरली होती. समोर तिची पेशंट, दारात तिचे डॉक्टर. वर्ष झालं नाही अजून तिला या खुर्चीत.

"सापडला," मी म्हटलं. "फोनचा आहे."

"कसला?"

काहीतरी बोलायला हवं होतं. "त्याला उजेडाची सवय नाही. खिशातून काढून लगेच फोटो घेतला की रंग चुकतो. तासभर खिडकीत ठेवायचा, मग घ्यायचा. नवीन संशोधन आहे."

माझ्या आयुष्यात मी इतकं तद्दन खोटं कधी बोललो नव्हतो. मग मोठे डॉक्टर आत आले, लेकीचा फोन स्वतःच्या हाताने खिडकीच्या कठड्यावर ठेवला, निवेदिकेच्या तोंडातली चौकट काढली आणि लेकीला तिची तात्पुरती कॅप बसवून द्यायला सांगितली. "तासभर बाहेर बसा, बाई," म्हणाले. "आणि पाणी प्या. फोनला बरं वाटेल."

म्हाताऱ्याला काडीचं कळलं नाही याचा मला फार आधार वाटला.

तासभर फोन कठड्यावर ऊन खात पडला होता. निवेदिका बाकावर बसून पाणी पीत सव्वीस तारखेचं भाषण घोकत होती. आम्ही चहा घेतला. बाराला तिला बाकावरच हसायला सांगितलं, लेकीने फोटो काढला. ए-थ्री. निवेदिका म्हणाली की फोनमध्ये एवढं असतं हे माहीतच नव्हतं, मीपण माझा ठेवत जाईन.

निघताना लेकीने विचारलं, "पुढच्या वेळी काय करू, बाबा?"

"फोटो सगळ्यात आधी काढ. काम सुरू करण्याआधी. फोन ताजा असतो तोवर."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि पाठ करून हात धुवायला लागली. खूप वेळ धूत होती. फार टापटिपीची आहे ती, लहानपणापासून.

घरी हिला यातलं काहीच सांगितलं नाही. फोन सुधारला एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "बरं केलंत." काय बरं केलं ते विचारलं तर कुकर लावायला निघून गेली.

२५ मार्च, सोमवार

तीन दिवस दुसरं काही केलं नाही. ए-थ्रीवर चार थर, कडेला थोडा पारदर्शक, मानेशी उबदार, आणि तिच्या शेजारच्या दातावर आहे तशी एक पुसटशी उभी रेघ. भट्टीतून काढली, गार झाल्यावर वाटीत बुडवून बघितली.

सकाळी लेकीने बसवली. खुर्चीत चांगलीच पिवळी दिसली. पण खुर्चीत शेजारचा दात वाळलेला असतो. खरी परीक्षा संध्याकाळची. पाच वाजल्यापासून फोन टेबलावर, पूर्ण उजेड, आवाज मोठा. सहा. सात. साडेसातला वाजला. हात पुसून उचलला, तर घड्याळजी : जुनी काच परत हवी आहे का म्हणून विचारत होता, म्हणजे माझ्याकडेच आहे हे तो विसरला. मी त्याला बोलून घेतलं. नंतर वाईट वाटलं.

आणखी कोणाचा फोन आला नाही.

२७ मार्च, बुधवार

निवेदिका स्वतः घरी आली, कालचे फोटो घेऊन. प्रत्येक फोटोत तोंडभर हसते आहे. मला म्हणाली की ओळखा, खोटा कुठला. मी केला आहे, मला माहीत आहे. तरी क्षणभर मलाही ओळखता आला नाही. तेवढा क्षण मला महिन्याभराने मिळाला. ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला हुंदका आला, तो मी खोकल्यावर ढकलला.

दुपारी मोठ्या डॉक्टरांचा निरोप : मोठ्या लॅबला नको म्हणून कळवलं आहे. पुढे लिहिलं होतं, "त्यांच्या यंत्राला खिडकी लागत नाही, त्यामुळे भरवसा वाटत नाही." बघा, माझी थाप त्यांना इतकी पटली आहे.

२ एप्रिल, मंगळवार

टपाल कचेरीतल्या कारकुनाचा दात पुन्हा करायचा आहे. लेकीने सकाळी फोटो पाठवला, खाली संदेश : "बाबा, सांगितलंत तसा फोन तासभर उजेडात ठेवला, मगच फोटो काढला."

फोटो फार सुंदर आला आहे. माणूस बाकावर बसलेला, मागे खिडकी. दात ओला, त्यावर उजेडाचा एक ठिपका. नमुनाही ओला, टोकाशी पाण्याचा थेंब लोंबतो आहे, आत्ताच वाटीत बुडवून काढल्यासारखा. ए-टू, शंकाच नको. एक गोष्ट मात्र जमत नाही. दवाखाना नऊला उघडतो आणि फोटोवर वेळ आहे नऊ वाजून चार मिनिटं. मग तासभर फोन उजेडात ठेवला कधी? तिच्या फोनचं घड्याळ चुकत असणार. घड्याळजीला दाखवायला सांगतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडची चार तारखेची वेळ तिने आपणहून रद्द केली. फोन सुधारला ना, मग कशाला, म्हणाली. गुरुवारी मात्र दवाखान्यात या, नुसते चहाला, एक जिना चढल्यावर बसायला मधल्या मजल्यावर खुर्ची ठेवली आहे.

ही दोन दिवस मधूनच हसते आणि विचारलं की काही नाही म्हणते.

बिचारी पोर. तिला अजूनही ते उजेडाचं खरं वाटतं. वाटू दे. पाच-दहा वर्षांनी, चांगला जम बसला की, कधीतरी गमतीत सांगेन. तोवर मीही माझा फोन रोज सकाळी तासभर खिडकीत ठेवतो. लेक अचानक घरी आली तर तिला तिथे दिसायला हवा.